खुंटा हलवून बळकट

बदलापूर ते कल्याण वीसेक मिनिटं लागतात. गाडी वेळेवर असेल तर. मधे अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी अशी तीन स्टेशनं. बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसायला मिळतं, अंबरनाथला पॅसेज भरतो, उल्हासनगरला दरवाजा भरतो आणि कल्याणला माणसं मोजणं सोडून द्यायचं असतं. या वीस मिनिटांत मी डोळे मिटून बसतो. शेजारच्यांना वाटतं, हा झोपला. कधीकधी त्यांचं बरोबरही असतं.

हे पुस्तक त्या वीस मिनिटांतून निघालं. ध्यान म्हणजे काय आणि ते कसं करावं, यावर मराठीत पुस्तकांना तोटा नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायापासून पाहिलं तर हा विषय सातशेहून अधिक वर्षं आपल्या भाषेत बोलला जातो आहे. माझा प्रश्न त्याच्या बराच खालच्या पायरीवरचा आहे. मोठ्या हौसेनं सुरू केलेलं ध्यान तिसऱ्या आठवड्यात सुटतं, ते सुटू नये म्हणून काय करायचं? आणि सुटलंच, तर काय करायचं?

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या आमच्या तिन्ही शहरांत या प्रश्नाचं उत्तर एकाच वाक्यात मिळतं: ‘वेळच नाही हो.’ हे वाक्य आळशी माणसाचं म्हणून मी कधी उडवून लावलं नाही, कारण त्यामागचा हिशोब खरा आहे. बदलापूर ते सीएसएमटी अडुसष्ट किलोमीटर. एका बाजूचा दीड तास धरा. त्यात रिक्षाची रांग, पुलावरची गर्दी, चुकलेल्या गाडीनंतरची पुढची गाडी मिळवा. दिवसातले चार तास हातातून जातात आणि त्यांचा पगार कुणी देत नाही. अशा माणसाला ‘रोज सकाळी एक तास शांत बसा’ असं सांगणं सोपं आहे. तो तास कुठे ठेवायचा, हे सांगणारं कुणी भेटत नाही.

मलाही भेटलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी मी दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलो. आमच्याकडून त्याची वाट जवळचीच आहे. कल्याणला रूळ फुटतात; एक फाटा आमच्याकडे कर्जतला येतो, दुसरा टिटवाळ्यावरून कसारा-इगतपुरीला जातो. ब्रह्मदेशात वाढलेले व्यापारी सत्यनारायण गोएंका यांनी ३ जुलै १९६९ रोजी मुंबईत भारतातलं आपलं पहिलं शिबिर घेतलं आणि पुढे १९७६ मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी विपश्यना केंद्र सुरू झालं. आता टिटवाळ्याजवळच्या रुंदे गावातही केंद्र आहे. शिबिरात दहा दिवस मौन असतं, फोन नसतो, जेवण आयतं मिळतं, पहाटे चारला घंटा होते. घरी गेल्यावर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा, असं तिथे सांगतात. मी घरी आलो आणि बसलो. मोजून एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी पाहुणे आले, एकविसाव्या दिवशी नळाला पाणी उशिरा आलं, बाविसाव्या दिवशी मी स्वतःला म्हणालो, ‘सोमवारपासून.’ असे सोमवार मग पुष्कळ आले.

चूक शिबिराची नव्हती. तिथे दिवस दुसऱ्या कुणीतरी बांधून दिलेला होता. घरी तो मलाच बांधायचा होता आणि ते काम मी निव्वळ निश्चयावर सोपवलं होतं. निश्चय पहाटे फार थोर असतो. संध्याकाळी साडेसातला, घामेजून घरी पोचल्यावर, त्याचा पत्ता नसतो.

आपल्या भाषेत यासाठी एक जुना शब्द आहे: नेम. आजी म्हणायची, ‘माझा नेम आहे.’ त्यात वेळेचा उल्लेख कधीच नसायचा. अंघोळ झाली की तुळशीला पाणी, दिवेलागण झाली की शुभंकरोती, जेवणाआधी हरिपाठ. नेम घड्याळाला बांधलेला नव्हता, रोज होणाऱ्याच एखाद्या कामाला बांधलेला होता. आणि नेम धरणं म्हणजे नजर एका ठिकाणी लावणंही. तो अर्थ ध्यानाच्या इतका जवळचा आहे की वेगळं सांगायला नको.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण जात्याजवळ सापडतं. पहाटे दळायला बसलेल्या बाईला कुणी ‘स्वतःसाठी वेळ काढ’ असं सांगितलं नव्हतं. हात खुंट्यावर गेला की ओवी सुरू व्हायची. गी पॉयटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखावर ओव्या जमवल्या. हा सगळा ठेवा दळणाच्या खुंट्याला टांगलेला होता. शेर-दोन शेर दळून होईपर्यंत मन एका लयीत राहायचं, सुखदुःख विठ्ठलाच्या कानावर जायचं आणि पीठही पडायचं.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढची बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. गावात विजेची गिरणी आली. जातं भिंतीला लागलं आणि त्याच्याबरोबर ओवीही गेली. कुणी ती सोडायची ठरवली नव्हती. खुंटा गेला, त्यावर टांगलेलं खाली पडलं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे लोकल थांबली तेव्हा कळलं. तोवर माझं बरं चाललं होतं. घरी बसणं जमत नाही म्हणून मी नेम गाडीला बांधला होता: बदलापूरला बसलो की डोळे मिटायचे, कल्याण आलं की उघडायचे. वर्षभर तो बिनतक्रार चालला. मग एका रात्रीत गाडी बंद. आता घरीच होतो, प्रवासाचे चार तास हातात होते, सबब एकही नव्हती. तरी महिनाभर मी एकदाही बसलो नाही. ज्याला आयुष्यभर वेळ नव्हता त्याला वेळच वेळ मिळाला आणि ध्यान सुटलं! डब्यात रोज टाळ वाजवणारी भजनी मंडळीही तेव्हा भेटली की हेच सांगायची: घरी रंगत नाही. सर्वसामान्यांना लोकल पुन्हा मिळाली ती फेब्रुवारी २०२१ मध्ये, मोजक्या तासांपुरती. मग पुन्हा बंद, मग १५ ऑगस्टपासून लशीचे दोन डोस घेतलेल्यांना. दर वेळी माझा नेम गाडीबरोबर सुरू झाला आणि गाडीबरोबर थांबला.

त्या दीड वर्षात मी दोन गोष्टी शिकलो. पहिली: वेळ ही अडचण दिसते तेवढी मोठी नसते, खुंटा नसणं ही खरी अडचण. दुसरी: एकच खुंटा पुरत नाही. एक घरात हवा, एक वाटेवर हवा. गाडी बंद पडली तर घरचा सांभाळेल, घरी पाहुणे आले तर वाटेवरचा. आमच्या भागात तर पाऊसच दरवर्षी खुंटे हलवून बघतो. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली, हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. त्या आठवड्यात आमच्यापैकी कुणाचं कुठलंच वेळापत्रक शिल्लक नव्हतं.

‘खुंटा हलवून बळकट करणं’ हा वाक्प्रचार आपण वादविवादासाठी वापरतो. खांब रोवताना तो हलवून हलवून ठोकतात, म्हणजे पक्का बसतो. वेदान्ताच्या चर्चेत यालाच स्थूणानिखनन न्याय म्हणतात. नेमाचंही तेच आहे. कधीच न हललेला नेम किती पक्का आहे हे कुणालाच माहीत नसतं, ज्याचा आहे त्यालाही नाही.

यावर आधुनिक संशोधनही झालेलं आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी बारा आठवडे तपासल्या. प्रत्येकानं एक साधं काम रोजच्या ठरावीक प्रसंगाला जोडायचं होतं. ते काम आपोआप घडू लागायला लागणारा मध्यक काळ निघाला ६६ दिवस; पण कुणाला १८ पुरतील असं दिसलं, तर कुणाला २५४ लागतील. ‘एकवीस दिवसांत सवय’ ही समजूत म्हणून सोडून द्या. माझे एकोणीस दिवस तर त्यातही बसत नव्हते! आणि सगळ्यात दिलाशाची गोष्ट अशी की, मधे एखादा दिवस चुकला तर सवय जडण्यावर फारसा परिणाम होत नव्हता. पतंजलींनी अभ्यास पक्का व्हायला तीन अटी घातल्या: दीर्घकाळ, खंड न पाडता, आदरानं. पहिल्या दोन अटींवर आपण स्वतःला छळतो आणि तिसरी विसरतो. चुकलेल्या दिवसानंतर स्वतःला शिव्या देत बसणं म्हणजे त्या तिसऱ्या अटीचा भंग आहे.

हे सगळं शिकायला मला शेजारच्या गावाकडे बघायला हवं होतं. उल्हासनगरचा पायाच उपटलेल्या खुंट्यांवर घातलेला आहे. फाळणीनंतर सिंधहून आलेली माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते शहराची कोनशिला बसली; कॅम्प एक ते पाच ही नावं मात्र आजतागायत टिकली. घर, शेत, नदी, देऊळ, सगळं मागे राहिलेल्या या लोकांनी एक गोष्ट बरोबर आणली: नितनेम. आपला नित्यनेम आणि त्यांचा नितनेम एकाच मुळाचे. गुरू नानकांना मानणाऱ्या सिंधी घरांत पहाटेच्या अमृतवेळेला उठून पाठ-सिमरन होतं. १६ जुलै ते २४ ऑगस्ट हे चाळीस दिवस झुलेलाल या सिंधी दैवताचा चालिहो पाळला जातो. कॅम्प पाचमधल्या चालिहा साहिब मंदिरात तेव्हा रीघ लागते. चाळीस दिवसांचं व्रत म्हणजे नेम अंगवळणी पाडायची केवढी शहाणी युक्ती! पुढचा काळ डोळ्यांसमोर असतो, शेवट ठरलेला असतो आणि शेजारीपाजारी सगळे तेच करत असतात. आपला चातुर्मास याच जातीचा.

सिंधी मातीतूनच उगवलेली आणखी एक युक्ती मला फार उपयोगी पडली. दादा लेखराज यांनी सिंधमधल्या हैदराबादेत सुरू केलेली ब्रह्माकुमारी संस्था फाळणीनंतर १९५० मध्ये अबूला आली. त्यांच्या केंद्रांत दिवसातून काही ठरलेल्या वेळी संगीत लागतं आणि हातातलं काम थांबवून सगळे मिनिटभर-दोन मिनिटं शांत होतात. या प्रकाराला ते ‘ट्रॅफिक कंट्रोल’ म्हणतात. त्यांचं तत्त्वज्ञान मानायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण शहाड फाटकाच्या गर्दीत अडकलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

आता थोडं प्रत्यक्ष बसण्याविषयी. या पुस्तकात मी एकच रीत धरून चाललो आहे, कारण ती सर्वांत साधी आहे: येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवायचं. नामस्मरण करणाऱ्यानं श्वासाच्या जागी नाम घ्यावं. हिशोब तोच राहतो. पहिल्या मिनिटातच मन ऑफिसात पोचतं. ते गेलंय असं लक्षात आलं की त्याला परत श्वासावर आणायचं. पुन्हा जातं, पुन्हा आणायचं. नवख्याला वाटतं, मन गेलं म्हणजे ध्यान मोडलं. खरं तर मन गेलंय हे कळणं आणि ते परत आणणं, हाच सगळा व्यायाम आहे. वीस मिनिटांत मन चाळीसदा गेलं, तर चाळीसदा परत आणायची संधी मिळाली.

मला हे कळायला फार उशीर लागला की, बसलेल्या वीस मिनिटांत जे करायचं तेच आयुष्याच्या वीस वर्षांतही करायचं असतं. श्वास सुटला, परत आलो. आठवडा सुटला, परत आलो. दोन्हींची हालचाल एकच आहे. म्हणून ‘माझं ध्यान टिकत नाही’ असं म्हणणाऱ्याला मी विचारतो, किती वेळा परत आलात? दहा वेळा सोडून अकराव्यांदा बसलेला माणूस माझ्या लेखी पक्का अभ्यासी आहे.

निसर्गदत्त महाराजांचं चरित्र या दृष्टीनं वाचावं. मुंबईच्या खेतवाडीत राहणारा, विडी-तंबाखूच्या दुकानावर प्रपंच चालवणारा हा गृहस्थ १९३३ मध्ये सिद्धरामेश्वर महाराजांना भेटला. गुरूंनी दिलेला ‘मी आहे’ या जाणिवेचा धागा त्यानं दुकान आणि संसार सांभाळत धरून ठेवला. गुरू गेल्यावर १९३७ मध्ये तो सगळं सोडून भटकायला निघाला खरा, पण वर्षभरात मुंबईला, घरी, दुकानात परत आला. पुढे देशोदेशीचे लोक त्यांच्या पोटमाळ्यावर प्रश्न विचारायला येऊन बसत. हे जिथे घडलं ती जागा हिमालयात नाही, चर्नी रोड स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

तेव्हा तुमचा खुंटा कुठे आहे ते आधी शोधा. उल्हासनगरच्या दुकानदारासाठी तो शटर उघडणं आणि बोहणी यांच्या मधे असतो. गल्ल्याजवळ उदबत्ती लागते. ती हातातून खाली ठेवली की पाच मिनिटं तिथेच बसायचं. अंबरनाथच्या कारखान्यात फिरत्या पाळीवर असलेल्या माणसानं घड्याळाची वेळ मुळीच धरू नये. या आठवड्यात पहिली पाळी, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. त्याची सकाळ दर आठवड्याला जागा बदलते. पण अंघोळ प्रत्येक पाळीत होते. त्यानं अंघोळीला बांधावं. बदलापूरच्या गृहिणीला नळाचं पाणी सोडत नाही, तर तिनं नळालाच खुंटा करावा. पिंप भरेपर्यंतची दहा मिनिटं तिची. महिलांच्या डब्यात भाजी निवडत जाणाऱ्या मैत्रिणींनी भाजी संपल्यावरचं एक स्टेशन मागून घ्यावं. आणि जे अंबरनाथहून बसायला मिळावं म्हणून बदलापूरला रिटर्न येतात, त्यांना तर मी काय सांगू? ज्यांनी एका सीटसाठी रोज उलटा प्रवास करण्याचा नेम वर्षानुवर्षं पाळला, त्यांच्यात चिकाटी नाही असं म्हणायची माझी हिंमत नाही. फक्त एक पथ्य सर्वांनी पाळावं: दरवाज्यात उभं राहून डोळे कधीही मिटू नयेत. उभ्यानं करायचं असेल तर डोळे उघडे ठेवून, पायांच्या तळव्यांकडे लक्ष देऊन करावं.

काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. ध्यान झोपेची जागा घेत नाही. साडेचारला उठणाऱ्या माणसानं ध्यानासाठी चारला उठू नये. बसल्यावर रोज डुलकी लागत असेल तर शरीर झोप मागतं आहे, ती त्याला द्यावी. ध्यान उपचाराचीही जागा घेत नाही. नैराश्य, भीतीचे झटके किंवा जुन्या आघाताच्या आठवणी असतील तर आधी डॉक्टरांशी बोलावं. अशा अवस्थेत लांबलचक मौन शिबिरं काहींना त्रासाची ठरतात. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सजगतेचा कार्यक्रम सुरू केला, तोही डॉक्टरांकडून येणाऱ्या रुग्णांसाठी आणि औषधोपचाराच्या जोडीनं. आणि तिसरं: ध्यान हे लोकलच्या गर्दीवरचं उत्तर नाही. मन शांत झालं म्हणून गाड्या वाढवून मागायच्या नाहीत, असं कुठल्याही संतानं सांगितलेलं नाही.

पुस्तकाची मांडणी याच क्रमानं आहे. पहिल्या भागात खुंटा शोधायचा, दुसऱ्यात पाच मिनिटांपासून बसायला शिकायचं, तिसऱ्यात चाळीस दिवसांचं व्रत धरायचं. चौथा भाग सर्वांत मोठा आहे आणि तो सुटलेल्या ध्यानाचा आहे: आजारपण, परीक्षा, लग्नघर, सुतक, पूर, बदली, कंटाळा. कंटाळ्यावर स्वतंत्र प्रकरण आहे, कारण सगळ्यात जास्त नेम त्यानंच मोडलेले आहेत. ज्यांचा नेम आधीच सुटलेला आहे त्यांनी चौथ्या भागापासून वाचायला सुरुवात केली तरी चालेल.

हे लिहून होत आलं तेव्हा एका रविवारी मी अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो. वालधुनीच्या काठचं हे देऊळ शिलाहारांच्या काळातलं. शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हे साल आहे, राजा मुम्मुणीच्या कारकिर्दीतलं. सभामंडपातून वीसेक पायऱ्या खाली उतरून गाभाऱ्यात जावं लागतं. खाली ओलसर गारवा असतो, आणि वर पाहिलं तर माथ्याशी उजेड दिसतो, कारण शिखर पुरं झालेलं नाही. ते का राहिलं यावर अभ्यासक बोलत असतात. मी पायरीवर बसलो होतो तेवढ्यात पुजारी आले, त्यांनी कालची फुलं उचलली, पिंडी धुतली, बेल वाहिला आणि वर न बघता निघून गेले. बाहेर पाच-पंचवीसची गाडी धरणाऱ्यांची धांदल चालली होती. मीही निघालो. गाडीत जागा मिळाली नाही. उभ्यानंच, तळव्यांकडे लक्ष ठेवून, बदलापूरपर्यंत आलो.

कुळगाव, बदलापूर
गुरुपौर्णिमा